पाणी येतंय

११ जानेवारी, शनिवार

लाँचचं रंगकाम आज संपलं. तळापासून टपापर्यंत सगळं मी एकट्याने केलं. तळ रंगाऱ्याकडून करून घेऊ असं साडूचं म्हणणं होतं. पण रंगारी काय करतात ते मला माहीत आहे. जे दिसतं तेवढंच ते रंगवतात.

तळ निळा, कठडे पांढरे. तळाला तीन हात दिले. मागच्या अंगाला तळहाताएवढ्या जागेत बारीक बारीक भोकं पडली होती, कीड लागल्यासारखी. इतकी वर्षं लाँच माणसांची ने-आण करते आहे आणि याकडे कुणाचं लक्ष नाही, बुडाली नाही हे नशीब. मी भोकांत लांबी भरली, पॉलिश पेपरने घासली आणि वर रंग चढवला. दोन-चार भोकांत लांबी टिकेना, ती नुसत्या रंगाने बुजवली. आता हात फिरवला तर काचेसारखं लागतं. साडू तेव्हा डिझेल आणायला गेला होता. तो आल्यावर मी काही बोललो नाही. आपल्या कामाचा डांगोरा पिटण्याचा माझा स्वभाव नाही.

२० जानेवारी, सोमवार

लाँच पाण्यात उतरून आठवडा झाला. सगळं सुरळीत आहे.

मी या धंद्यात कसा आलो ते एकदा लिहून ठेवावं. वजनमापे खात्यातून निवृत्त झाल्यावर काही महिने मी घरी होतो. रिकामा मात्र नव्हतो. भाजीवालीचा तराजू तपासून दिला. शेजाऱ्यांच्या पाण्याच्या मीटरवर लक्ष ठेवलं. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, ते हिने परत हलवले, मी परत लावले. मग एक दिवस मेहुणी आली आणि म्हणाली, लाँचवर विश्वासाचं माणूस हवंय भाऊजी, तुमच्याशिवाय आहे कोण? तिच्या नवऱ्याचीही तीच इच्छा होती म्हणे. मी म्हटलं, विचार करून सांगतो. तोवर हिने माझी टोपी आणि जेवणाचा डबा दाराशी आणून ठेवला होता. मी निम्मी भागीदारी घेतली. माझ्या अनुभवाची त्यांना किती गरज होती ते तिथे गेल्यावर कळलं.

उदाहरणार्थ, लाँच सुटली की मागे बसणाऱ्याने वाकून मागच्या नळीतून पाणी पडतंय का ते बघायचं आणि 'पाणी येतंय' असं ओरडायचं. मग पुढे सुकाणूवरून साडू हात वर करतो. इंजिन गार ठेवायला नदीचं पाणी आत ओढतात आणि ते मागून बाहेर टाकतात, म्हणून ही पद्धत. इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा साडूच्या नाकासमोर आहे, मग हा पुकारा कशाला, असं मी विचारलं. साडू म्हणाला, काटा दोन वर्षांपासून बंद आहे, माणूस बरा.

पूर्वी मेहुणी मागे बसायची, आता मी बसतो. तिच्या वेळी नळीतून पाणी भसाभसा वाहायचं. रंगकामानंतर करंगळीएवढी धार पडते. तळ गुळगुळीत झाल्याचा हा फायदा असावा. उधळपट्टी थांबली. पुकारा मी दर फेरीला करतो. पाणी येतंच, त्यामुळे त्यात खोटं काही नाही.

२७ जानेवारी, सोमवार

सकाळच्या फेरीला नदीच्या मध्यावर लाँच बंद पडली. शिवणकारखान्यात जाणाऱ्या बायकांनी लाँच भरलेली होती. साडूने प्रवाहाविरुद्ध जोर लावला होता. इंजिन आधी दमल्यासारखं झालं, मग मागून पांढरा धूर आला, मग एक हिसका बसला आणि सगळं शांत झालं. एवढी शांतता लाँचवर मी पहिल्यांदाच अनुभवली. कारखान्याची मुकादम बाई शांतपणे म्हणाली, "वल्ही आहेत का, की आम्हीच हात घालायचे पाण्यात?"

जवळच्या एका मासे धरणाऱ्याने दोरी टाकून आम्हाला धक्क्यापर्यंत ओढून आणलं. साडूने इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. डिझेलमध्ये पाणी मिसळलं असणार, असं तो म्हणाला. डिझेल तोच आणतो हे मी त्याच्या लक्षात आणून दिलं.

२९ जानेवारी, बुधवार

इंजिनाचा मिस्त्री काल येतो म्हणून आज आला. त्याने डिझेलची गाळणी साफ केली, नळ्या फुंकल्या आणि त्याच्या मोठ्या मुलीच्या घटस्फोटाची हकीकत सांगितली. इंजिन सुरू झालं, पण खोकत होतं. साडू डिझेलवर अडून बसला आणि मिस्त्री पंपावर. दोघांचा आवाज वाढला.

मी शांतपणे तपासणी केली. इंजिनाचं स्वतःचं पाणी एका छोट्या टाकीत असतं आणि आतल्या आत फिरतं. नदीचं पाणी त्याला बाहेरून गार करतं, दोघांची गाठ पडत नाही. तर त्या टाकीतलं पाणी निम्म्यावर आलं होतं आणि खाली एक थेंब सांडलेला नव्हता. याचा अर्थ ते आत कुठेतरी जात होतं. तेलाची पट्टी ओढून पाहिली तर तेल दुधाच्या कॉफीसारखं. इंजिन चालू असताना टाकीचं झाकण काढलं तर आत बुडबुडे. मी म्हटलं, हेड गॅस्केट गेलंय.

मिस्त्रीने पट्टी माझ्या हातातून घेतली, तेल बोटांवर चोळलं आणि म्हणाला, "साहेब म्हणतात ते खरंय." साडूनेही वाकून बघितलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. थाप जरा जोरातच होती, पण मला आनंद झाला. खात्यात मी कितीतरी खोटी मापं पकडली, पण पाठीवर थाप मारणारं कुणी भेटलं नव्हतं.

हिला रात्री जेवताना गॅस्केट समजावून सांगितलं. खाली सिलिंडर, वर हेड आणि मध्ये ही चपटी पत्र्याची पट्टी. आग, पाणी आणि तेल यांना शेजारी शेजारी ठेवायचं पण भेटू द्यायचं नाही, हे तिचं काम. ती जळाली की सगळे एकमेकांच्या खोलीत शिरतात. ही म्हणाली, "म्हणजे मधली सून." मला उपमा पटली.

३१ जानेवारी, शुक्रवार

हेड उतरवलं. दोन सिलिंडरांच्या मधोमध गॅस्केट जळून काळी वाट पडली होती. म्हणजे निदान शंभर टक्के बरोबर.

मिस्त्री म्हणाला, इंजिन तापल्याशिवाय गॅस्केट जळत नाही. कशाने तापलं ते शोधा, नाहीतर नवं टाकलं तरी महिन्याभरात हेच. मी म्हटलं, शोधायचं काय त्यात? सुकाणू कुणाच्या हातात होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. मासेवाला होता, मुकादम बाई होती. पुढे असंही म्हटलं की नाचता येईना अंगण वाकडं, इंजिनाला जीव नसला तरी चालवणाऱ्याने तो लावायचा असतो. साडूने हातातला पाना फडक्याने पुसला, पुन्हा पुसला आणि पेटीत ठेवला. एरवी तो कुणाचं ऐकून घेणारा माणूस नाही. मागे एकदा त्याने बँकेच्या मॅनेजरला खुर्चीवरून उठवलं होतं.

आज फेऱ्यांचा परवाना देणाऱ्या कचेरीतून निरोपही आला. पंधरा तारखेपर्यंत लाँच सुरू झाली नाही तर ही फेरी वरच्या धक्क्यावरच्या माणसाला देणार. त्याच्याकडे दोन लाँच आहेत. साडूकडे ही एकच आहे, आणि तिच्याशिवाय त्याला दुसरं काही येत नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

साडू सकाळी तळ बघतो म्हणून पाण्यात उतरला. या थंडीत. बराच वेळ खालीवर करत होता, मध्येच वर येऊन पेटीतली पातळ पटाशी घेऊन गेला. बाहेर आला तेव्हा ओठ काळेनिळे आणि नखंही निळी. नखं तर दिवसभर तशीच होती. हा माणूस हात धूत नाही हे माझं जुनं निरीक्षण आहे.

पायऱ्यांवर बसून कुडकुडत त्याने मला विचारलं की तळाला किती हात दिले. तीन, मी म्हटलं. लांबीपण भरली होती का? भरली होती आणि घासलीही होती. तो माझ्याकडे बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "छान बसलाय रंग."

मला बरं वाटलं. पण विषय तिथेच सोडणं योग्य नव्हतं, म्हणून इंजिन कशाने तापलं हा प्रश्न पुन्हा काढला. आता तो चिडेल अशी माझी तयारी होती. तो टॉवेलने डोकं पुसत म्हणाला, "असेल. माझंच चुकलं असेल. प्रवाहाविरुद्ध जोरात घेतली मी."

शेवटी कबूल केलं. उशिरा का होईना.

२ फेब्रुवारी, रविवार

मेहुणी आली होती. दोघी बहिणी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होत्या. मी पाणी प्यायला गेलो तर दोघी गप्प झाल्या. हिने माझ्याकडे ताप आलेल्या मुलाकडे बघावं तसं बघितलं आणि विचारलं, लाँचवर बरं वाटतं ना तुम्हाला? मी म्हटलं, वाटायचं काय, जबाबदारी आहे. मेहुणी मान खाली घालून हसली की काय ते कळलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

हेड तापून किंचित वाकलं होतं. वर सरळ पट्टी ठेवली तर खालून उजेड दिसला. लेथवाल्याकडे घासायला दिलंय. तो उद्या देतो म्हणाला, आणि त्याचं उद्या कधी उगवतं ते मला माहीत आहे, म्हणून मी दिवसभर त्याच्या दुकानात खुर्ची टाकून बसलो. दुपारनंतर त्याने आमचंच काम हातात घेतलं.

साडूविषयी मला एक गोष्ट कळली. शीतगृहात रखवालदाराची जागा आहे का, हे तो विचारून आला. कुणाला बोलला नाही, पण शीतगृहाचा व्यवस्थापक माझ्या ओळखीचा आहे. बंद दारासमोर स्टुलावर बसलेला साडू माझ्या डोळ्यांसमोर येईना.

तरीही मी जे ठरवलं ते त्याला सांगितलं. इंजिन दुरुस्त झाल्यावर सुकाणूवर पगारी माणूस ठेवायचा. पुन्हा असं व्हायला नको. यात माझा राग नाही, निम्मी भागीदारी आहे म्हणून बोलतो. वरच्या धक्क्यावरचा एक जण शनिवारपासून, म्हणजे पंधरा तारखेपासून यायला तयार आहे. साडू नदीकडे बघत होता. तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"बरं," तो म्हणाला. "पण तुम्ही येणार ना? मागे बसायला?"

मी म्हटलं, म्हणजे काय, मी कुठे जातोय.

"मग झालं तर."

त्याने हे का विचारलं ते मला नीट कळलं नाही. कदाचित पगारी माणसावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं म्हणून असेल.

८ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस चांगला गेला. नवं गॅस्केट बसवलं.

मिस्त्रीचं म्हणणं होतं की बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळायचे, त्याच्या बापानेही तसेच आवळले. मी खात्यातल्या जुन्या मित्राकडून टॉर्क पाना मागून आणला होता. किती जोर लागला ते त्यावर दिसतं. मधल्या बोल्टांपासून सुरुवात करून बाहेर जायचं, सगळे थोडे, मग सगळे आणखी थोडे, मग पूर्ण. एकदम एकच आवळला तर हेड पुन्हा वाकणार. मिस्त्री म्हणाला, एवढ्या वेळात मी दोन इंजिनं बांधून जेवून येतो. आमची जुंपली. तेव्हा साडू म्हणाला की साहेब म्हणतात तसंच करायचं, आणि मिस्त्रीच्या हातातून पाना घेऊन माझ्याकडे दिला.

मी आकडा सांगायचो, साडू पाना ओढायचा. खटका वाजला की दोघं एकदम 'बास' म्हणायचो. शेवटी शेवटी हसू यायला लागलं. पगारी माणसाचा विषय कुणी काढला नाही. घरी आल्यावर मी जेवलो नाही, भूक नव्हती. कारण सापडलं नाही, काम तर उत्तम झालं होतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

तेल दोनदा बदललं, टाकी भरली आणि इंजिन सुरू केलं. पहिल्याच फटक्यात. धूर नाही, बुडबुडे नाहीत, तेल स्वच्छ. कचेरीतला माणूस आला, एक फेरी मारली आणि फेरी आमच्याकडेच राहील असं सांगून गेला. मेहुणीने डोळे पुसले. मुकादम बाई म्हणाली, वल्ही तरी घेऊन ठेवा.

विशेष म्हणजे मागच्या नळीतून पुन्हा भसाभसा पाणी पडतंय. नव्या गॅस्केटने पाण्याचा जोर वाढलेला दिसतो. मी 'पाणी येतंय' म्हणालो. साडूने हात वर केला. त्याचे सुकाणूवर आता थोडेच दिवस उरलेत हे त्या वेळी मला आठवलं आणि मी दुसरीकडे बघितलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ज्याचं त्याला श्रेय द्यावं म्हणून आज मिस्त्रीला मुद्दाम धक्क्यावर गाठलं आणि नव्या गॅस्केटने नळीचं पाणी कसं वाढलं ते दाखवलं. पुरावा म्हणून बादली लावली. चटकन भरली.

मिस्त्री म्हणाला, "गॅस्केटचा आणि या पाण्याचा काय संबंध, साहेब? हे नदीचं पाणी. ते तळाच्या जाळीतून आत येतं."

कुठली जाळी, मी विचारलं. त्याने आपला तळहात पुढे केला आणि त्यावर बोटाने ठिपके दिले. एवढी असते, मागच्या अंगाला, बारीक भोकांची. ती तुंबली तर इंजिन तापून मरतं.

मी बादली ओतून दिली. धक्क्याच्या पायरीवर बसलो. मग बाही वर करून खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि तळ चाचपला. काचेसारखं लागत होतं, लागत होतं, आणि मग खरखरीत तुकडा आला. पटाशीने खरवडलेला, कडा ओबडधोबड. प्रत्येक भोक मोकळं. माझं बोट एकेका भोकावर ठेवलं तर आतून ओढ लागत होती. इंजिन चालूच होतं.

मी आयुष्यभर लोकांची मापं तपासली. आणि करंगळीएवढी धार समोर बघत रोज 'पाणी येतंय' म्हणत राहिलो. किती येतंय हे एकदाही मोजलं नाही.

घरी गेलो. हिला म्हटलं, ती भोकं जाळीची होती. ही भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "हो."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं. तुम्हालाच सांगायचं राहिलं."

मी विचारलं, का नाही सांगितलं? तिने भाजी बाजूला ठेवली. ती म्हणाली, "तुमचे साडू येऊन आम्हा दोघींना म्हणाले, साहेबांना कळू देऊ नका. कळलं तर लाँचवर यायचे नाहीत, पुन्हा घरात बसतील. तुम्ही घरात कसे होता ते तुम्ही बघितलं नाहीत. आम्ही बघितलंय."

मी डब्यांच्या फळीकडे बघत बसलो. सगळे उंचीप्रमाणे लावलेले होते. हिने एकही हलवला नव्हता, आणि ते केव्हापासून ते मला सांगता येईना. मला रडू आलं. या वयात भाजीच्या टोपलीशेजारी बसून रडणं बरं दिसत नाही, पण आलं खरं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी आधी वरच्या धक्क्यावर जाऊन पगारी माणसाला येऊ नको म्हणून सांगितलं. मग आमच्या धक्क्यावर आलो. साडू दोऱ्या सोडत होता.

मी म्हटलं, तो माणूस उद्या येणार नाही. साडूने का म्हणून विचारलं नाही. मी रात्रभर मोठं भाषण तयार केलं होतं, त्यातलं एवढंच बाहेर आलं, "जाळी मी बुजवली."

साडूने दोरी गुंडाळून झाल्यावर मान हलवली. "काटा मी दोन वर्षं दुरुस्त केला नव्हता. फिट्टंफाट."

मी म्हटलं, फिट्टंफाट कसली, मी चार लोकांत तुम्हाला बोललो. तो म्हणाला, ते मात्र आहे, तेवढ्याचं एक जेवण द्या, आणि मुकादम बाईसमोर द्या म्हणजे ती गप्प बसेल. मग माझ्याकडे पाठ करून सुकाणूवर गेला. त्याच्या नखांतला निळा रंग अजून पुरता गेला नव्हता.

लाँच सुटली. मी वाकून बघितलं, नीट बघितलं आणि ओरडलो, "पाणी भरपूर येतंय." त्याने हात वर केला.

९ जानेवारी, शुक्रवार

वर्ष झालं. लाँच रंगकामासाठी गेल्या आठवड्यात काठावर घेतली होती, आज काम संपलं. यंदा रंगारी बोलवू या असं मीच सुचवलं. साडू म्हणाला, छे, रंग तुमचाच.

काटा आता चालतो. तरी मी पुकारा करतो.

डबा आणि ब्रश घेऊन तळाखाली सरकलो. मागच्या अंगाला जाळी दिसली. तिच्या प्रत्येक भोकात एकेक लाकडी काडी खोचून ठेवलेली होती, नीट तासून, भोकाच्या मापाची. साडू आदल्या संध्याकाळी चाकू घेऊन धक्क्यावर बसला होता, ते यासाठी. मला वाटलं होतं वेळ घालवतोय. मी सवयीने काड्या मोजायला लागलो, मग थांबलो आणि ब्रश उचलला.

तीन हात दिले. रंग वाळल्यावर काड्या एकेक करून उपटल्या आणि साडूला हाक मारली. तो वाकून खाली आला, जाळीवर बोट फिरवलं, भोकांतून आरपार बघितलं.

"छान बसलाय रंग," तो म्हणाला.